बोलणारा बजी पुन्हा पुन्हा गप्प होतो: कारण कसं शोधायचं

माझा टिकू हा बजी, म्हणजे लहान जातीचा पोपट, सहा वर्षांचा आहे. या सहा वर्षांत तो तीनदा बोलायचा थांबला. दिवसभर "टिकू बाळा, काय करतो" म्हणत फिरणारा पक्षी आठवडाभरात नुसत्या चिवचिवाटावर येतो तेव्हा काळजी वाटतेच. आपलंच काही चुकलं का, असंही मनात येतं. तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं आणि तिन्ही वेळा तो पुन्हा बोलायला लागला. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांचा बजी अजून एकही शब्द बोललेला नाही, त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

एक गोष्ट आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बजी मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळरानावरचा, थव्यानं राहणारा पक्षी. तिथे साथीदाराला हाक मारायची, तर ती त्याच्यासारखीच मारावी लागते. नव्यानं एकत्र आलेल्या बजींच्या हाका काही आठवड्यांत एकमेकींसारख्या होत जातात, आणि जोडी जमली की नर मादीची हाक उचलतो. आपले शब्द तो शिकतो ते याच सवयीनं. आपण त्याचा थवा असतो, म्हणून तो आपल्यासारखा आवाज काढतो. तेव्हा शब्द बंद झाले की दोन प्रश्न विचारायचे: याच्या अंगात काही बिघडलंय का? आणि याचा थवा बदललाय का?

आधी आजार तपासा

तिसऱ्या वेळी हे मी सगळ्यात शेवटी तपासलं, म्हणून इथे सगळ्यात आधी सांगते.

त्या वेळी टिकू गप्प नव्हता. शब्द म्हणायचा, पण अर्ध्यावर आवाज चिरकायचा. पुढे तो शब्दांच्या वाटेलाच जाईना. एका रात्री पिंजऱ्यावर कापड टाकलं, दिवा मालवला आणि शांततेत ऐकू आलं: त्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर बारीक 'किच्' असा आवाज, तेल नसलेल्या बिजागरीसारखा. दिवसा घरातल्या गलबल्यात तो कधी कानावर पडलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. थायरॉइडची ग्रंथी सुजून श्वासनलिकेवर दाब देत होती. नुसत्या धान्यावर ठेवलेल्या बजीला आयोडीन कमी पडतं आणि असं होतं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि खाणं बदलायला सांगितलं. महिन्याभरात आवाज मोकळा झाला आणि पाठोपाठ शब्दही आले.

तुमचा बजी गप्प झाला असेल तर तो विश्रांती घेत असताना दोन हात लांबून पाच मिनिटं बघा. श्वासागणिक शेपटी वरखाली होतेय का? पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून दिवसाही बसून राहतो का? दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसतो का? डोक्यावरची पिसं चिकट दिसतात का? उलटी करणारा बजी मान झटकतो आणि ते शिंतोडे डोक्यावर सुकतात. नाकपुड्या ओल्या किंवा बंद झाल्यात का? यातलं एकही दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. बजी आजार लपवतो. थव्यात अशक्त दिसणं धोक्याचं असतं, त्यामुळे लक्षणं आपल्याला दिसतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

त्यासाठी वजनाची सवय फार उपयोगी. घरातल्या बजीचं वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम भरतं. एकेका ग्रॅमचा फरक दाखवणाऱ्या काट्यावर छोटी दांडी ठेवा, त्यावर त्याला बसवा आणि दर आठवड्याला आकडा लिहून ठेवा. ३६ ग्रॅमचा पक्षी ३२वर आला तर डोळ्यांना काहीच कळत नाही, पण तो दहा टक्क्यांहून अधिक घटलेला असतो.

आणि खाण्याची वाटी रोज फुंकून बघा. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. वरून वाटी भरलेली दिसते, फुंकर मारली की सगळी टरफलं उडतात आणि खाली चार दाणे उरतात.

काय बंद झालंय, ते नीट ऐका

'बोलत नाही' या तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी असतात. पक्षी पूर्ण गप्प आहे, पक्षी गातोय पण शब्द नाहीत, आणि पक्षी बोलतोय पण आपल्याला कळत नाही. तिसरी गोष्ट वाटते त्यापेक्षा खूप जास्त वेळा घडते.

नर बजी दुपारी किंवा संध्याकाळी डोळे अर्धवट मिटून लांबलचक पुटपुटतो. त्या पुटपुटण्यात चिवचिव, शीळ, भांड्यांचा आवाज आणि आपले शब्द असं सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, तेही भयंकर वेगात. कान सरावलेला नसेल तर ती नुसती चिवचिवच वाटते. मोबाइलवर दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करा आणि अर्ध्या वेगानं ऐका. टिकू चार महिन्यांचा असताना मी शिकवून कंटाळत आले होते. तेव्हा असंच एक रेकॉर्डिंग सावकाश लावलं आणि शिळेच्या दोन लकेरींच्या मधोमध स्पष्ट आलं: "बाळा बाळा का." अर्धं वाक्य होतं. कदाचित बऱ्याच दिवसांपासून तो ते म्हणत असावा. त्या संध्याकाळी मी ते रेकॉर्डिंग किती वेळा ऐकलं असेल!

पुटपुट चालू असेल तर शब्द परत यायची आशा भरपूर आहे, कारण बजी त्या पुटपुटीतच आवाजांचा सराव करत असतो. पुटपुटच बंद असेल तर पुन्हा आजाराकडे वळा. आजार नसेल तर पुढचं कारण बघा.

पिसं झडण्याचा काळ

टिकू पहिल्यांदा थांबला तो यामुळे. पिंजऱ्याच्या तळाशी पिसं दिसू लागतात, डोक्यावर बारीक काट्यांसारखे पांढरे कोंब येतात, पक्षी चिडका होतो, खाजवत बसतो आणि जास्त झोपतो. नवी पिसं घडवायला त्याची ताकद खर्च होत असते, बोलण्याची हौस कुठून येणार? दोन-तीन आठवडे शिकवणं थांबवा, आंघोळीला उथळ ताटलीत पाणी ठेवा आणि डोक्यावर हात लावू नका, ते कोंब दुखतात. बाकी काही करावं लागत नाही. पिसं झडून अंगावर उघडी कातडी दिसू लागली तर मात्र तो आजार समजा.

झोपेचंही असंच आहे. बजीला रात्री दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते. पिंजरा टीव्हीच्या खोलीत असेल तर कापड टाकूनही तो झोपत नाही, आत जागाच असतो. आठवडाभर त्याला शांत खोलीत झोपवून बघा. फरक पडला तर कळतोच.

आरसा

माझ्या अनुभवात बोलता बजी पुन्हा पुन्हा गप्प होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि ते आपणच मायेनं पिंजऱ्यात टांगलेलं असतं.

टिकू दोन वर्षांचा असताना घरात बरीच धावपळ होती. त्याला एकटं वाटू नये म्हणून मी घंटा लावलेला एक गोल आरसा आणला. पहिल्या दिवसापासून तो खूश होता. आरशाशी खूप बोलायचा, शब्दही म्हणायचा. मला वाटलं, बरं झालं. तीन आठवड्यांत शब्द विरळ झाले, सहा आठवड्यांत संपले. हातावर यायला कुरकुर सुरू झाली. मी खोलीत आले तरी मान वळेना. एकदा जवळ जाऊन नीट पाहिलं. तो आरशासमोर मान वरखाली हलवत होता, डोळ्याची बाहुली क्षणात टाचणीच्या टोकाएवढी होत होती, पुन्हा मोठी होत होती. मग त्यानं गळ्यातून दाणा वर काढला आणि काचेला भरवला. काचेवर ओले दाणे चिकटलेले होते, आदल्या दिवशीचेही असावेत. नर मादीला भरवतो तसा तो आरशाला भरवत होता.

आता सुरुवातीचं आठवा. बजी साथीदारासारखा आवाज काढतो. काचेतला साथीदार चोच हलवतो तेव्हा ऐकू येते ती त्याचीच चिवचिव. तो कधी माणसाचा शब्द म्हणत नाही. मग हाही कशाला म्हणेल?

आरसा काढायचा ठरलं तर अर्ध्यावर थांबू नका. पक्षी पिंजऱ्याबाहेर असताना काढा आणि त्याला दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवा. चकचकीत घंटा, गुळगुळीत स्टीलची वाटी, पिंजऱ्यामागची अंधारी काच, प्लास्टिकचा खोटा पक्षी हेही बघा. मी आरसा काढला आणि टिकूनं वाटीतल्या प्रतिबिंबाशी बोलणं सुरू केलं. ते लक्षात यायला मला चार दिवस लागले.

पहिले काही दिवस तो हाका मारतो, आरशाच्या जागी जाऊन बसतो. ते बघवत नाही. पण याच दिवसांत तुम्ही तिथे असायला हवं. आरसा काढला आणि स्वतः दिवसभर बाहेर राहिलात, तर त्याच्याकडे होता तो साथीदारही गेला. हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे. त्या आठवड्यात मी माझं बसून करायचं सगळं काम त्याच्या पिंजऱ्याशेजारी केलं. वाचतानाही मोठ्यानं वाचलं. दहाव्या दिवशी तो आपणहून खांद्यावर आला. शब्द यायला आणखी पाच आठवडे लागले. पहिला शब्द आला तो सकाळी कापड काढताना: "उठला का." हे मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं. फक्त रोज कापड काढताना म्हणत होते.

दुसरा पक्षी आणल्यावर

आरशाचं जे होतं तेच इथेही होतं, फरक इतकाच की हा साथीदार खरा असतो. दुसरा बजी आला की पहिला बहुधा त्याच्याकडे वळतो. आधी पक्के झालेले शब्द काही जण ठेवतात, काही वेळा नवा पक्षीही ते त्याच्याकडून उचलतो, पण नवीन शब्द येणं मंदावतं.

यावर 'दुसरा पक्षी काढून टाका' असा सल्ला ऐकाल तर तो मानू नका. जमलेली जोडी शब्दांसाठी तोडणं मला पटत नाही. बोलता पक्षी रोज पंधरा-वीस मिनिटं वेगळ्या खोलीत तुमच्या हातावर घ्या, तेवढ्या वेळात शब्द टिकतात. आणि रोज काही तास सोबत द्यायला घरात कुणीच नसेल, तर पक्षी बोलावा म्हणून त्याला एकटा ठेवू नका. दुसरा आणा आणि शब्दांचा हट्ट सोडा. नवा पक्षी निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवूनच मग जवळ आणा, नाहीतर त्याचा आजार जुन्याला लागू शकतो.

सगळं ठीक असूनही शब्द येत नाहीत

मग शिकवण्याची पद्धत बघा. बरेच जण मोबाइलवर एकच शब्द तासन्‌तास लावून ठेवतात. बजीला तो आवाज पंख्याच्या घरघरीसारखा होऊन जातो, कारण त्या आवाजामागे त्याच्याकडे बघणारं कुणी नसतं. स्वतःच्या तोंडानं शिकवा. तो बोटावर, तोंडापासून वीतभर अंतरावर असू द्या. सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं पुरतात. मान वाकडी करून तुमच्या ओठांकडे टक लावून बघतोय, अंग अगदी स्थिर आहे, म्हणजे ऐकतोय. पिसं साफ करायला लागला, उडून गेला, की शिकवणी संपली. मागे लागू नका.

बोटावरच बसत नसेल तर शब्दांआधी ते साधायला हवं. राळ्याचं कणीस हातात धरा आणि तो येऊन खाईपर्यंत हात हलवू नका. काहींना दोन दिवस लागतात, काहींना दोन महिने. पकडून बोटावर बसवलेला बजी घाबरलेला असतो, आणि घाबरलेला बजी काही शिकत नाही.

शब्द निवडताना क, ट, प, ब, च असे ठसठशीत आवाज घ्या. 'टिकू' पटकन येतं, 'सोनम'ला वेळ लागतो. आवाज थोडा वरच्या पट्टीत आणि आनंदी ठेवा. बजीचे कान २ ते ४ किलोहर्ट्‌झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतात, त्यामुळे बायकांचा आणि मुलांचा आवाज ते बहुधा लवकर उचलतात. घरातल्या सगळ्यांनी शब्द एकाच चालीत म्हणायचा. आजी 'टिकूऽऽ' म्हणणार, मुलगा 'टिक्या' म्हणणार, तर पक्षी कोणाचं धरणार? आणि शब्द प्रसंगाला जोडा. कापड काढताना एक, खाणं देताना एक, बाहेर जाताना एक. 'उठला का' असंच आलं होतं.

सुरुवातीला शीळ शिकवू नका. शीळ बजीला सोपी जाते आणि एकदा तिचा नाद लागला की शब्द मागे पडतात. चार-पाच शब्द पक्के झाल्यावर खुशाल शीळ घाला.

पहिला शब्द यायला काही आठवडे ते काही महिने लागतात. त्यानंतरचे भराभर येतात. ब्रिटनमधला स्पार्की हा बजी १९५८ साली बीबीसीच्या बोलक्या पक्ष्यांच्या स्पर्धेत जिंकला, त्याला पाचशेहून अधिक शब्द येत होते. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजीच्या नावावर १,७२८ शब्दांची गिनीज नोंद आहे, तो १९९४ साली गेला. हे आकडे तुमच्या बजीसाठी ध्येय म्हणून सांगत नाही. चाळीसेक ग्रॅमच्या या जिवात केवढं सामावू शकतं, ते कळावं म्हणून सांगते.

जीभ सोडवली की पक्षी बोलतो असं कुणी सांगितलं तर त्या माणसाला पक्ष्याला हातही लावू देऊ नका. पक्ष्याचा आवाज जिभेत तयार होत नाही. छातीत, श्वासनलिकेला फाटा फुटतो तिथल्या स्वरयंत्रात तो तयार होतो.

मुळात हा बोलणारा पक्षी आहे का

पुष्कळांना बजी आणि लव्हबर्ड एकच वाटतात. लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, गुटगुटीत, आणि तो क्वचितच बोलतो. बजी सडपातळ, लांब शेपटीचा आणि पाठीवर लाटांसारख्या रेघांचा.

मग नर की मादी ते बघा. चोचीवर, नाकपुड्या असतात ती मांसल पट्टी मोठ्या नरात निळी असते, मादीत पांढरट, फिकट निळसर किंवा तपकिरी. पिल्लांत नराची पट्टी सगळीकडे सारखी गुलाबी-जांभळट असते, तर मादीच्या नाकपुड्यांभोवती पांढरट कडं दिसतं. पूर्ण पिवळ्या आणि पूर्ण पांढऱ्या बजींमध्ये मोठा नरही गुलाबी-जांभळटच राहतो, त्यामुळे तिथे घाई करून निदान करू नका. वयही बघा. कपाळावरच्या काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत असतील तर पक्षी तीन-चार महिन्यांच्या आतला आहे, आणि शिकवायला सुरुवात करण्याचं सर्वांत चांगलं वय तेच. मोठा झालेला शिकत नाही असं नाही, पण त्याचा विश्वास मिळवायलाच जास्त दिवस जातात.

मादी असेल तर एखाद-दुसरा शब्द येऊ शकतो, बहुतेकींना तोही येत नाही. माझ्या बहिणीकडे मादी आहे. चार वर्षांत एक शब्द बोललेली नाही, पण बहिणीच्या पावलांची चाहूल जिन्यात लागली की दारापाशी कुणी पोचायच्या आत ती हाक मारते. दुसऱ्या कुणाच्या पावलांना मारत नाही. अशी मादी घरात असेल तर शब्दांचा नाद सोडून तिची ती हाक तुम्ही शिका, आणि दारातून आत येताना तिला तीच परत द्या.